मागाहून येणारं पेडल

उस्तादांना गॅरेजमध्ये एका जागी बसवत नव्हतं. डॉक्टरीणबाई चार वाजता त्यांची जुनी गाडी न्यायला येणार होत्या. नवी क्लचप्लेट घालूनही चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायचं नाव घेत नव्हती. उस्ताद तिच्याभोवती फेऱ्या घालत होते.

"अहो, गाडीला चक्कर येईल," बायको डबा ठेवत म्हणाली.

"थट्टा पुरे. आत बस आणि क्लच दाब."

"मी? आजवर दाराला हात लावू दिला नाहीत."

"बस म्हणतो ना."

तिनं दोनदा पेडल दाबून सोडलं. "आळशी आहे हो हे. माझा पाय वर येतो आणि हे मागाहून, सावकाश येतं."

उस्ताद थबकले. क्लचच्या तेलाची रबरी नळी आतून फुगली असणार. तेल पुढे जातं, पण परत यायला अडतं, म्हणून क्लच पुरता धरत नाही. ते लगेच गाडीखाली शिरले.

"मला कळलं," वरून आवाज आला, "आणि तुमच्या पायाला कसं नाही कळलं?"

पाना थांबला. याच पायानं त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांची दुखणी ओळखली होती.

"डाव्या तळव्याला काही जाणवत नाही गं. उन्हाळ्यापासून."

ती गाडीतून उतरून खाली वाकली. "चारला बाई येतायत ना? त्यांना दाखवा."

"गिऱ्हाईकाला? मग गाडी कोण देईल माझ्याकडे?"

"डॉक्टरला दाखवायचाय. नळी बसवा आणि मोजे काढून ठेवा."