पेला आधी, तारीख नंतर

टाकीवाल्याला घाणीची किळस कधी आली नाही. चाळीस वर्षं तो लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत उतरत होता. तळाशी बसलेला बोटभर गाळ, भिंतींना धरलेला बुळबुळीत थर, झुरळांचे सुटे पंख, एकदा तर कुणाची तरी कवळी, हे सगळं त्याने बादलीने उपसलं होतं. मग घरी जाऊन कोपरापर्यंत साबण चोळून हात धुवायचे आणि पोटभर जेवायचं. घाण बिचारी मुकाट्याने तळाशी बसते, असं तो म्हणायचा. किळस यायची ती माणसांची. त्याच टाकीचं पाणी वर्षभर डोळे मिटून प्यायचं आणि जिन्यात उभं राहून तब्येतीवर व्याख्यानं झोडायची.

कामाची रीत त्याला त्याच्या उस्तादाने घालून दिली होती. पाणी तोडायचं, गाळ उपसायचा, ब्रशने घासायचं, दोनदा धुवायचं, टाकी भरू द्यायची. मग पिशवीतला स्टीलचा पेला काढून पहिलं पाणी आपण प्यायचं, घरमालकाच्या डोळ्यांदेखत. त्यानंतरच लाल रंगाने टाकीवर तारीख घालायची. पेला आधी, तारीख नंतर. या पेल्यापायी लोक त्याला ‘पहिला पेला’ म्हणत आणि त्याला ते नाव आवडायचं.

एवढं करून बासष्टाव्या वर्षापर्यंत त्याला सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं. लोक गुपित विचारत. तो सांगे, नऊला झोपतो, पहाटे उठतो, कामाला चालत जातो, ताजं जेवतो, हात धुतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. ‘ते झालं हो, पण घेता काय?’ असं कुणीतरी विचारायचंच. काहीच घेत नाही म्हटलं की लोकांना वाटे, म्हातारा लपवतोय.

त्याच्या लेकीच्या घरी तर फळीवर बरण्यांची रांगच होती. रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी भुकटी, थेंब, चघळायच्या गोळ्या. जावई चांगली झोप कशी लागावी यावरचे व्हिडिओ मध्यरात्र उलटेपर्यंत बघायचा आणि सकाळी दारावर धक्के मारून उठवावा लागायचा. बरण्यांवर धूळ साचलेली, आणि एकाच चमच्यावर तीन भुकट्यांचे थर वाळून बसलेले. सासऱ्याने एकदा तो चमचा उचलून नाकाशी नेला आणि मोरीत टाकला. त्यावरून जावई दोन दिवस घुश्शात होता.

या बरण्या आणल्या होत्या चिमणीसाठी. चिमणी म्हणजे पाच वर्षांची नात. दर पंधरा दिवसांनी तिचं पोट बिघडायचं, ताप यायचा, मनगटं आगपेटीच्या काड्यांसारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते पाण्याचं. उकळून देता का? लेक म्हणाली, ‘उकळायची गरज नाही डॉक्टर. टाकी माझ्या बाबांनी धुतलेली आहे.’

टाकीवाला तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने मान खाली घातली. लेकीला वाटलं, बाबा लाजले.

खरी गोष्ट अशी होती. सहा महिन्यांपूर्वी लेकीच्याच इमारतीची गच्चीवरची टाकी धुवायला तो गेला, तेव्हा त्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता. इमारतीचा कारभारी म्हणाला होता, दिवसभर पाणी तोडलं तर लोक माझं डोकं खातील, तुमचाही पाय असा, मग तारीख टाका आणि मोकळे व्हा, पुढच्या खेपेला बघू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा टाकीवाल्याने झाकण न उघडता ब्रश रंगात बुडवला. पेला पिशवीतच राहिला. खालून चांगलंच पाणी येतं, असं त्याने मनाला समजावलं. मन हो म्हणालं, कारण गुडघाही हो म्हणत होता.

दवाखान्यातून आल्यापासून त्याला जेवण गोड लागेना. तीनदा तो कारभाऱ्याकडे गेला. एकदा कुणाकडे पाहुणे होते, एकदा मोटर बिघडली होती, तिसऱ्यांदा कारभारी हसून म्हणाला, तारीख तर ताजी दिसतेय की. टाकीवाल्याला त्या हसण्याची शिसारी आली. घरी येऊन आरशात बघितलं तर त्याहून जास्त आली. लेकीला ‘पाणी उकळ’ एवढं सांगायचं होतं. पण का, असं तिने विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याची तयारी नव्हती. दोन शब्दांसाठी तो तीन आठवडे थांबला. तेवढ्यात चिमणी आणखी एकदा आजारी पडली.

मग कारभाऱ्याने गच्चीवर आरोग्याचं व्याख्यान ठेवलं. टाकीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या. कडक इस्त्रीतला वक्ता आला, तळहातात शिंकला आणि त्याच हाताने पुढच्या रांगेशी हस्तांदोलन करत गेला. बोलला मात्र चांगलं. झोप, व्यायाम, ऊन, ताजं अन्न, भरपूर पाणी. टाकीवाल्याला वाटलं, माणूस शहाणा आहे. तेवढ्यात वक्त्याने पिशवीतून बरणी काढली. या सगळ्याला वेळ नसेल त्यांनी रोज दोन चमचे घ्यावेत, म्हणाला. सगळ्या माना एकदम हलल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं पुटपुटत टाकीवाला उठायला लागला, पण कारभाऱ्याने त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं.

कारभाऱ्याला आज फार उत्साह होता. हे आमचे पहिला पेला, तो सांगू लागला. जन्म घाणीत गेला, पण आजारपण माहीत नाही. का? तर आमच्या टाकीचं पाणी. लोक हसले. कारभाऱ्याने टाकीच्या नळाखाली काचेचा ग्लास धरला, भरला आणि त्याच्या हातात दिला.

पाणी स्वच्छ दिसत होतं. घाण कधी दिसते का, ती तळाशी असते. त्याच्या पाठीमागे त्याच्याच हातची लाल तारीख होती. समोर तिसऱ्या खुर्चीवर लेक, तिच्या मांडीवर चिमणी.

‘आजोबा, मला पण,’ चिमणी म्हणाली आणि हात पुढे केला.

टाकीवाल्याने ग्लास गच्चीच्या फरशीवर ओतला. वक्त्याने पाय मागे घेतले.

‘ही तारीख खोटी आहे,’ तो म्हणाला. ‘मीच घातली. टाकी मी उघडलीसुद्धा नव्हती.’

कारभारी काहीतरी विनोद करायला गेला, तोवर टाकीवाला लोखंडी शिडीवर चढला. प्रत्येक पायरीला गुडघा कचकत होता. त्याने झाकण सरकवलं, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि भिंतीवरून ओरबाडून मूठभर काढलं. हिरवट काळा लगदा, त्यात एक मेलेलं झुरळ आणि पाखराचं पीस. मूठ त्याने सगळ्यांपुढे उघडली. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून जिन्याकडे धावली. वक्ता बरण्या आवरू लागला. मघाशी याच पाण्यात भुकटी कालवून चव घेतलेले दोघं एकमेकांकडे बघत थुंकत होते.

लेक थुंकली नाही. तिने बापाच्या मुठीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

‘मी दवाखान्यात बोलले तेव्हा तुम्ही बाजूलाच होतात, बाबा.’

‘होतो.’

तिने चिमणीला कडेवर घेतलं आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी तोडलं. कुणी कारभाऱ्याचं डोकं खाल्लं नाही. टाकीवाल्याला आत उतरवेना म्हणून जावई उतरला आणि पहिल्याच बादलीला ओकला. तेही उपसावं लागलं. नंतर मात्र त्याने सासऱ्याच्या सांगण्याबरहुकूम कोपरान् कोपरा घासला, आणि त्या रात्री म्हणे व्हिडिओशिवाय नऊला झोपला. टाकीतून एकवीस बादल्या गाळ निघाला.

संध्याकाळी टाकी भरली. टाकीवाल्याने पिशवीतून पेला काढला, नळाखाली धरला आणि प्यायला. बघायला लेक एकटीच वर आली होती. त्याने रंगाच्या डब्याकडे हात नेला, तेव्हा तिने पेला त्याच्याकडून घेतला, पुन्हा भरला आणि घोट घोट करत स्वतः रिकामा केला.

‘ब्रश द्या इकडे,’ ती म्हणाली.

खोटी तारीख तिने आधी दगडाने खरवडली. मग नवी घातली. अक्षर वाकडं आलं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. पेला तिने धुऊन त्याच्या पिशवीत ठेवला आणि खाली जाऊन चिमणीसाठी पाणी उकळायला ठेवलं.