पट्ट्याचं शेवटचं भोक

आमच्या चौघांत एक रीत आहे. कुणीही नवं घड्याळ घेतलं, की ते आधी बाकीच्यांच्या मनगटावर फिरतं. परवा रविवारी नेहमीच्या हॉटेलात प्रकाशनं त्याचं नवं स्विस घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी ते घालून जरा मिरवलो.

"डायल भारी आहे," संजय म्हणाला, "पण तुझ्या या शर्टाला शोभत नाही."

मग शर्टावरून वाद रंगला, फोनच्या कॅमेऱ्यावर आला, तिथून एका वेबसिरीजमधल्या हिरोच्या कोटावर गेला. कॉलेजपासून आम्ही असंच बोलत आलोय. कुणाला काय होतंय, हे आम्हाला एकमेकांच्या बायकांकडून कळतं. कॉलर कशी असावी यावर मात्र आम्ही अर्धा तास भांडू शकतो.

संजयकडून घड्याळ मिलिंदकडे गेलं. त्यानं पट्टा आवळून शेवटच्या भोकात अडकवला आणि आम्हाला दाखवायला हात वर केला. घड्याळ घसरत पार कोपराकडे गेलं. दिवाळीत माझ्या घड्याळाचा पट्टा याच हाताला पुरत नव्हता. कोटाचं बोलणं तिथंच थांबलं.

"पट्टा मोठाय," मिलिंद म्हणाला.

"हो ना, फारच मोठा दिलाय," प्रकाश घाईघाईनं म्हणाला.

निघताना मिलिंद घड्याळ काढायला लागला, तर प्रकाशनं त्याचा हात धरला. "असू दे तुझ्याकडे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय आपल्याला. मी न्यायला येतो."

मिलिंदनं घड्याळ खाली मनगटावर ओढलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती वाजता?"