जागा धरून बसलेले शब्द

रंजना ज्या दिवशी खुशीत जिना उतरायची, त्या दिवशी तिनं काहीतरी पुसलेलं असायचं. "काकीजी, आज बरंच उडवलं," म्हणायची आणि माझ्या म्हातारीच्या, म्हणजे बायकोच्या हातचे पोहे खायला बसायची. म्हातारी म्हणे, "बाई, लोकं लिहून मोठे होतेत, तू पुसत बसते."

रंजना आमच्या बालाघाटच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. गाव राजेगाव, वय पस्तिशीचं, बोलणं कमी. काम खोलीतूनच. कॉम्प्युटर ज्या मूळ प्रोग्रॅमवर चालतो, त्यातला नेटवर्कचा भाग ती दुरुस्त करायची, नको असलेलं लिखाण पुसून. मी चौथी शिकलेला, जन्म मँगनीजच्या खाणीत गेला. मला काय कळणार? पण एकदा विचारलंच.

"नेटवर्कचं कार्ड मेमरीत सरळ जाऊन लिहिते, काकाजी, मधात कोणाले विचारत नाही. म्हणून आधी नोंद करा लागते, का एवढी जागा तुयी. काम झालं का नोंद काढाची. नाही काढली तर जागा अडकून राहते. दुसऱ्याले भेटत नाही."

मी म्हटलं, हे तर आमच्या बिल्ल्यासारखं. खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला फाटकावरच्या फळीला टांगायचा, वर आला की काढून घ्यायचा. एकदा एक जण दुसऱ्याच फाटकानं घरी गेला, बिल्ला तसाच टांगलेला. आम्ही तासन्‌तास बोगद्यात त्याला हाका मारत फिरलो. खालून कोणीतरी ओ दिली, असं आमच्यातल्या तिघांनी सांगितलं. मीही त्यातला एक. तो तर घरी जेवत बसला होता.

रंजना हसली नाही. म्हणाली, "मायाकडे असे पाच फाटकं हायेत. नोंद कशी कराची, कशी काढाची, ते पाच जणायनं पाच जागी येगयेगळं लिहून ठेवलं."

"मंग चार बंद कर."

"तेच करून राह्यली."

भांडी आटोपली की म्हातारी गुडघे धरत वर जायची. तिची बहीण मंदा तिरोडीला. तिथवर जाणं आता होत नव्हतं आणि लिहिता तर कधीच येत नव्हतं. म्हणून ती सांगायची, रंजना टाईप करून पाठवायची. तेही खोलीतल्या दुसऱ्या मशीनवरून, जी नवं काम तपासायला ठेवलेली होती. ती मशीन कधी बंद होत नसे. काही चुका बरेच दिवस चालल्यावरच दिसतात, असं रंजना म्हणायची.

मग म्हातारी गेली. अंगणात धुणं वाळत घालताना खाली बसली, ती बसलीच.

तेरवी होऊन आठवडा झाला असेल. भर दुपार. रंजना जिन्यात येऊन उभी.

"काकाजी, वर या."

"काय झालं?"

"तुमी या."

लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर त्या मशीनचा पंखा घुमत होता. पडद्यावर नुसती आकड्यांची रास आणि तिच्या मधोमध मराठी.

"निरोप गेला का हे जागा खाली असाले पाहिजे होती," रंजना म्हणाली. "एका फाटकावर नोंद काढाचीच राहून गेलती. म्हणून कोणी हात लावला नाही."

मला अक्षर लावून वाचायला वेळ लागतो. वाचलं. मंदे, छातीत दुखते. झोप नाही येत. ह्यायले सांगू नको, दवाखान्यात घेऊन बसतीन.

मला म्हातारीचा आवाज आला. कानात नाही, खोलीत, मागून. मी वळून पाहिलं. रंजनानंही त्याच बाजूला पाहिलं.

"हे तू टाईप केलं?"

"हौ."

"म्हणजे तुले मालूम होतं."

"हौ. त्यायनं शपथ घातलती."

"शपथ गेली खड्ड्यात. तोंड नव्हतं तुले?"

मी फार वाईट बोललो, परक्याच्या लेकीला बोलू नये असं. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

चार दिवस मी रोज दुपारी वर जाऊन त्या मशीनसमोर बसलो. शब्द तिथंच. बिल्ला टांगलेला आहे, तर माणूस खाली असणारच, असं वाटायचं. रंजना पाणी आणून ठेवायची आणि आपलं काम घेऊन गच्चीत जायची.

पाचव्या दिवशी मी विचारलं, "हे असंच राहू देलं तर?"

"राहीन, लाईट आहे तोवर. पण मायी दुरुस्ती बराबर झाली का नाही, ते नाही समजाचं. मशीन एकडाव बंद करा लागते, मंग हे शब्द जातीन."

"मंग आधीच पुसून काहून नाही टाकलं? मले कुठं समजत होतं."

"एकडाव लपवलं, काकाजी. पुन्हा नाही होत मायानं."

मग तिनं त्यांच्यातली रीत सांगितली. दुरुस्ती पाठवताना खाली लिहायचं, चूक कोणामुळे सापडली. दूरदूरचे लोक ते वाचतात. "मी काकीजीचं टाकू का? नाव तुमी सांगा."

चव्वेचाळीस वर्षं मी तिला 'अवो' म्हणत आलो. नाव घेतलं ते लग्नाच्या मांडवात, लोकांनी अडवून धरलं म्हणून.

"सुशीला," मी म्हटलं. "सुशीला लिही."

ती आपल्या मशीनवर लिहीत होती तेव्हा मीच त्या दुसऱ्या मशीनचं बटण दाबून धरलं. पंखा हळूहळू थांबला.

पुढच्या महिन्यात रंजना खोली सोडून गेली. निघताना पाया पडली. मी तिला माफ केलेलं नाही, आणि तिनं माफी मागितलीही नाही. पण म्हातारीच्या छातीतलं दुखणं मला सांगणारं माणूस ती एकच. मंदा तेरवीला तीन दिवस माझ्या घरात राहिली, माझ्या पुढ्यात जेवली, आणि त्या दुखण्याबद्दल एक शब्द बोलली नाही.