रश्श्याला घातलेलं जाकीट

रविवारी सकाळी मी रश्श्यासाठी कांदा-खोबरं वाटत होते. आमचे अमरसिंह गळाच्या काठ्या पुसत बसले होते. दारावर थाप पडली. थाप कसली, दार मोडायचं तेवढं बाकी होतं.

रशिदा आली होती. उचगावात शाळांचे गणवेश शिवणारी रशिदा कुणाशी गोड बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माप द्यायला आलेल्या बाईला ती तोंडावर सांगते, "पोट आत घेऊ नका, घरी गेल्यावर बाहेरच येणार हाय." मात्र तिची शिवण उसवलेली मी आजवर पाहिली नाही.

आज तिच्या हातात दोन नारिंगी जाकिटं होती. तिचा नवरा फक्रुद्दीन आणि आमचे हे दर रविवारी धरणावर होडी घेऊन मासे धरायला जातात. पाण्यात पडलं तर तरंगत ठेवणारी ही जाकिटं. पट्टे तुटले म्हणून तिच्याकडं शिवायला दिलेली.

"अमरभाऊ, ह्यास्नी रश्श्याचा वास कसा?"

हे हसले. "भाभी, होडीत रश्श्याची डेग कलंडू नये म्हणून भोवती गुंडाळतो. रस्सा गरमबी ऱ्हातोय."

"आणि माणसं?"

"माणसं काय सांडत्यात व्हय?"

"सांडला की गेल्या रविवारी!"

मग सगळं बाहेर आलं. मोठा मासा लागला म्हणून फक्रुद्दीन होडीतच उभा राहिला आणि तोंडावर पाण्यात गेला. त्याला पोहता येत नाही. ह्यांनी कॉलर धरून ओढून काढला. घरी सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. पण भिजलेला मोबाईल फक्रुद्दीननं तांदळाच्या डब्यात पुरला होता, तो काल भात टाकताना रशिदाच्या हाताला लागला.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे पुसलेली काठी पुन्हा पुसू लागले.

"आमच्या मुरगूडला पाठीला डबा बांधल्याबिगर पोराला नदीत सोडत न्हाईत," रशिदा कडाडली. "मीबी तशीच शिकले. आणि ही दाढी पिकलेली माणसं जाकीट घालत्यात डेगीला! कुठं जाणार, कवा येणार, घरात कुणाला पत्ता न्हाई. ढग आलं तरी ह्यांचा गळ पाण्यातच!"

"एवढं भिऊन मासं गावत न्हाईत, भाभी."

"मासं बाजारात गावत्यात. बुडालेला नवरा तिथं मिळतोय काय?"

मी चहा विचारला. "नको," म्हणाली, पण उंबऱ्यावर बसली. जाकिटं माझ्याकडं टाकली. पट्ट्यांवर दुहेरी शिवण होती, प्रत्येक खांद्याला लाल दोरीनं एकेक शिट्टी बांधलेली.

बाहेर फक्रुद्दीनच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली. गॅसवरच्या डेगीकडं तिनं एकदा बघितलं.

"वहिनी, एकच करा. रस्सा होडीत देऊ नका. घरी आल्यावर वाढा."