बॅकअप माझ्याकडं आहे

अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या कंपनीत मी हिशेबाचं काम बघतो, तिथं रोज संध्याकाळी निघण्याआधी सगळ्या डेटाचा बॅकअप घेणं माझ्याकडं आहे. एक कॉपी ऑफिसात राहते, दुसरी मालकांच्या घरी जाते. लोकांची बिलं आणि चलनं मी इतकी जपतो, की नवा माणूस लागला की मालक त्याला माझं उदाहरण देतात. त्यांनी कौतुक सुरू केलं की हल्ली मी पाणी प्यायला उठतो. कारण माझ्या आत्याचा आवाज मला जपता आला नाही.

आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण वेळेवर लागते. मांडव उभा करण्यापासून नवरीला हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीचा तिच्याकडं एक धवला असतो, म्हणजे त्या विधीचं गाणं. ती गाते तसतसा विधी पुढं सरकतो. आत्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच विधवा होऊन सोनिवलीला माहेरी परत आली आणि पुढचं सगळं आयुष्य आमच्यातच राहिली. आमची शेतं जाऊन तिथं इमारती आल्या, दादा आणि मी समोरासमोरच्या फ्लॅटांत राहायला गेलो, तेव्हा ती दुपारी माझ्याकडं आणि रात्री दादाकडं असायची. दोन्ही घरांत मीठ कमी पडतं, ही तिची कायमची तक्रार.

तिच्या धवल्यांपैकी एक फक्त आमच्या घराचा होता. मांडवात देवांना बोलावून झालं की ती घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. आधी माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ. मग आजोबा, त्यांचे वडील, त्यांच्या चुलत्या, बाळंतपणात गेलेल्या सुना, असं करत करत खाडीकडचं मिठागर सोडून इकडं शेती करायला आलेल्या पहिल्या माणसापर्यंत. एवढी नावं तिला तिच्या आत्यानं दिली होती. आम्ही तेव्हा काय करत होतो? डीजेवाल्याशी भांडत होतो, नाहीतर मटण किती शिजलं ते बघत होतो. नावं ऐकायला एकदाही बसलो नाही.

गुडघे दुखायला लागल्यावर तिनं आमच्या मागं टुमणं लावलं. "कुनीतरी माझे बाजूला बसा रं," म्हणायची. धवला असाच शिकतात. धवलारणीच्या शेजारी बसायचं, तिच्या मागून ओळ उचलायची, आणि काही लग्नं गेली की ओळ आपोआप तोंडात बसते. वहिनी आणि माझी पुतणी दुपारी तिच्याजवळ बसायलाही लागल्या होत्या. तेवढ्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, एवढी मेहनत कशाला, सगळं रेकॉर्ड करून टाकू.

आत्याला ते पटेना. "लगीन नसताना धवला बोलाचा नसतं. कोनाला बोलवतंस? मांडव कुठं हाय?"

मी बरंच समजावलं. शेवटी ती उठली, स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद पाण्यात कालवून आणली आणि माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर बोटानं लावली. "आता याचाच लगीन," म्हणाली आणि गायला बसली. तो पिवळा डाग झाकणावर तसाच राहिला. ऑफिसात लोक विचारायचे, मी हसून टाळायचो.

रेकॉर्डिंग मात्र मला ऑफिसच्या कामासारखं चोख हवं होतं. कुकरची शिट्टी झाली, की मी म्हणायचो, "थांब आत्या, परत." खाली भंगारवाला ओरडला, थांब. लिफ्टचा दरवाजा वाजला, थांब. मधूनच सुरुवात करणं तिला जमायचं नाही. धवला पहिल्यापासूनच येतो. ती बिचारी पुन्हा देवांपासून सुरू करायची. एकदा वैतागून म्हणाली, "मांडवान कोन थांब नाय बोलत." मी हसलो आणि पुन्हा बटण दाबलं. बऱ्याच दुपारी घालवून शेवटी सगळे धवले स्वच्छ मिळाले. बिघडलेले तुकडे मी पुसून टाकले.

लॅपटॉप भरत आला तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क विकत घेतली आणि धवले त्यात हलवले. हलवले, हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटीतलं लुगडं काढून कपाटात ठेवलं म्हणून ते दोन होत नाही, हे लहान मुलालाही कळतं. पण वस्तू नवी होती, तिच्यावर चमकदार निळा दिवा होता, आणि मी सगळ्या घराला सांगून टाकलं, बॅकअप माझ्याकडं आहे.

त्यानंतर आत्याजवळ बसणं बंद झालं. कुणी ठरवून बंद केलं नाही. पुतणीचं कॉलेज होतं, वहिनीला कामं होती, आणि आता घाई कसली, कॉम्प्युटरात आहे की. आत्या एकदा माझ्यासमोर ताट ठेवताना म्हणाली, "मंजे आता मी गेली तरी चालंल." ती हसत होती म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

ती गेल्या वर्षी गेली. तिचा आवाज ऐकायची माझी हिंमत होत नव्हती, पण दादाला ऐकायचा होता. त्यानं डिस्क मागितली, मी दिली. त्यानं ती टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला लावली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला, आणि आपण सगळेच करतो तेच त्यानं केलं. ओके दाबलं. बॉक्सनं डिस्क कोरी करून घेतली. आवाज काही लागला नाही तेव्हा दादाला वाटलं, तो माझ्या लॅपटॉपवरच लागत असेल. डिस्क तिथंच लटकत राहिली. वहिनीला मात्र शोध लागला, की आता मालिका रेकॉर्ड करून सवडीनं बघता येतात. कित्येक आठवडे ती रोज मालिका भरत होती.

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा हे बाहेर आलं. तिची एकच मागणी होती, हळदीला आत्याआजीचा धवला लागला पाहिजे. मी दादाकडून डिस्क आणली, लॅपटॉपला लावली, तर आत एकही धवला नव्हता, नुसत्या मालिका होत्या. मी दादावर असा ओरडलो, की शेजारचे दार उघडून बघायला लागले. दादा माझ्यापेक्षा मोठा आहे, मी आयुष्यात त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "चुकलं माझं. पण तुझ्याकडं बॅकअप असंल ना?"

हाच तो बॅकअप होता.

उल्हासनगरला कॅम्पातल्या एका गल्लीत डेटा काढून देणारा एक सिंधी दुकानदार आहे, असं ऑफिसात कळलं. गेलो. त्यानं डिस्क तपासायला ठेवून घेतली आणि पुढच्या खेपेला मान हलवली. "भाऊ, फॉर्मॅट का टेन्शन नहीं था. लेकिन उसके ऊपर सास-बहू बैठ गयी है. नीचे का माल गया." मग विचारलं, हे आधी कशावर होतं? मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नेऊन दिला. तो म्हणाला, "जो आएगा सो आएगा. फाइल का नाम नहीं आएगा. छोटी फाइल बच जाती है, बड़ी कट जाती है."

काही दिवसांनी त्यानं पेनड्राइव्ह हातात ठेवला. लॅपटॉपही परत दिला, लख्ख पुसलेला. "ऊपर कुछ पीला लगा था, साफ कर दिया. उसका चार्ज नहीं लिया," तो खुशीत म्हणाला. मी झाकणावरून हात फिरवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी त्याला थँक्यू म्हणालो आणि रिक्षात बसल्यावर रडलो.

दादा, वहिनी, पुतणी आणि मी, आम्ही चौघांनी ते तुकडे माझ्या घरी बसून ऐकले. मोठ्या फाइली, म्हणजे ते स्वच्छ, पूर्ण धवले, उघडल्याच नाहीत. उघडत होत्या त्या सगळ्या छोट्या होत्या. आणि छोट्या का होत्या, हे पहिला तुकडा संपताच मला कळलं. मी बिघडले म्हणून पुसलेले तुकडे होते ते. आत्या सुरू करायची, देवांना बोलवायची, आणि माझा आवाज यायचा, "थांब आत्या." पुढचा तुकडा, पुन्हा देव, पुन्हा "थांब."

आमच्या घराच्या धवल्याचा एक तुकडा त्यातल्या त्यात लांब होता. त्यात ती माझ्या वडिलांचं नाव घेते, आणि तिथं तिचा आवाज जरा जड होतो. मग आजोबांचं नाव येतं. मग कुकरची शिट्टी. "थांब, थांब. कुकर झाला." ती थांबते. रेकॉर्डिंग बंद करायला मला दोन क्षण लागलेत, तेवढ्यात तिचं ऐकू येतं, "भूक लागली क रं तुला?" आणि संपतं.

मग पुतणी म्हणाली, "काका, एवढं काय खराब नव्हतं. कुकरच तर होता. सगळं नीट ऐकायला येत होतं."

ती मला बोल लावत नव्हती. खरंच ऐकू येत होतं. शिट्टीच्या आतून आजोबांचं नाव स्पष्ट ऐकू येत होतं. मी थांब म्हणालो नसतो, तर पुढचीही आली असती.

हळदीला आम्ही शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या धवलारणीला बोलावलं. मांडवाला लागणारी उंबराची फांदी दादानं बारवी धरणाकडून आणवली होती, कारण आमच्याकडं आता उंबर उरलेलं नाही. बाईंचा गळा चांगला होता. मी आयुष्यात पहिल्यांदाच धवलारणीच्या शेजारी मांडी घालून बसलो. माझ्या पलीकडं पुतणी हळदीच्या पाटावर होती. देवांना बोलावून झालं तशा बाई थांबल्या आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "तुमचे घरची नावा सांगा. मी बोलवतंय."

दादानं वडिलांचं नाव सांगितलं. मग आजोबांचं. बाईंनी दोघांना बोलावलं, आणि पुन्हा थांबल्या. "आनकी?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. वहिनीनं पाहिलं. पाटावरून पुतणीनंही मान वळवून पाहिलं. बॅकअप माझ्याकडं आहे, हे मीच त्यांना इतकी वर्षं सांगत आलो होतो.

मी आत्याचं नाव सांगितलं. बाईंनी विचारलं, तिला तुमच्यातली धरायची की सासरची? दादा म्हणाला, आमच्यातली. बाईंनी तिला नाव घेऊन लग्नाला बोलावलं, आणि पुढच्या नावासाठी माझ्याकडं बघत थांबून राहिल्या.

मला पुढचं एकही नाव येत नव्हतं.