दाराची आतली बाजू

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी साडीला लेस लावत होते. मशीन थांबवलं… त्याला आता महिना होऊन गेला.

दौलतनाना पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला होते आणि उधन्यातल्या आमच्या हौशी मंडळाचं नेपथ्य करायचे. मंडळाचं एक नाटक होतं, धुळ्याकडून गिरणीकामाला इकडे आलेल्या पहिल्या पिढीनं सोबत आणलेलं. लढाई हरून परतलेल्या राजाला राणी महालाचं दार उघडत नाही, एवढीच गोष्ट. राणीचं काम माझं. पहिल्या वेळी नानांनी महालाचा दर्शनी भाग उभा केला. रंगवलेल्या कमानी, मधोमध भलंमोठं दार. राजा बाहेर, लोकांच्या पुढ्यात. मी आत, नुसता आवाज. लोकांनी राजासाठी डोळे पुसले आणि भाजीबाजारात बायका मला निष्ठुर म्हणाल्या.

पुढं नानांच्या मुलीनं, सुशीलानं, जातीबाहेर लग्न केलं. नवऱ्याला घेऊन ती कोसाडच्या घरी आली, तर नानांनी दार उघडलं नाही. नानी आधीच गेलेल्या, मध्ये पडणारं कुणी नव्हतं. दोघं बराच वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

त्यानंतरच्या प्रयोगाला नानांनी अख्खा सेट फिरवला. राजा आता दारापलीकडे, आणि मी कडीवर हात ठेवून लोकांसमोर. "नाना, असं का?" मी विचारलं. खिळा ठोकता ठोकता म्हणाले, "माय, जो दार उघाडत नही, त्यानं तोंडबी लोकेसले दिसू दे." संवाद तेच होते, पण या वेळी लोक माझ्यासाठी रडले.

शेवटच्या प्रयोगात त्यांनी दारच ठेवलं नाही. मोकळा रंगमंच. राजा सहज आत येऊ शकत होता, तरी थांबायचा. मी हाक मारू शकत होते, तरी गप्प… हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

सुशीला आली ती नानांना नेण्याच्या वेळी. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्या खोलीत बसलो. कोपऱ्यात रंगाचे डबे, ब्रश. मी तिला तिन्ही प्रयोगांचं सांगितलं.

"मावशी, नाटक बघायला मला कधी बोलवा म्हणाले होते?"

"नाही गं."

"एवढा सेट फिरवला," ती म्हणाली, "मला एक फोन फिरवला असता…"

मग उठून तिनं नानांचे वाळून दगड झालेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवले. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो होतो. ते काही मऊ झाले नाहीत.