मेजर आणि चार तलंगा

फौजेतून घरी आल्यावर माझी पहिली पोस्टिंग महादेवपुऱ्यात झाली, कोंबड्यांच्या एका खुराड्यावर. हुकूम फोनवर आला. मी तेव्हा व्हाइटफील्डमधल्या एका सोसायटीच्या गेटवर होतो. तिथं मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे.

“भाऊजी, ड्युटीवर हाय काय? सुटल्यावर स्वल्प इकडं येऊन जावा. मेजरनं एकीचं रक्त काढलंय.”

फोन वहिनींचा होता. वहिनी म्हणजे माझा जोडीदार हवालदार परशुराम याची पत्नी. आम्ही दोघं बेळगावकडचे, एकाच कंपनीतले. परशुरामनं महादेवपुऱ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि हट्टानं मागे अंगण ठेवलं. शेवटच्या सुटीत त्यानं चार पिल्लं आणली, आपल्या हातानं चारली आणि सुटी संपल्यावर माझ्याबरोबर वर बर्फात आला. खाली मी एकटा उतरलो.

पिल्लं मोठी झाली. तीन गेली, एक उरली. कंपनी हवालदार मेजर म्हणजे साऱ्या कंपनीला शिस्त लावणारा माणूस. ही पिल्लू असतानाच बाकीच्यांना धाकात ठेवायची, म्हणून परशुरामनं तिचं नाव मेजर ठेवलं होतं.

एकटी पडल्यावर मेजर खाईना. जनावरांच्या डॉक्टरनं तिला सोबत आणायला सांगितली. वहिनींनी चार तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. सोबत मिळाल्यावर मेजर खायला लागली, आता ती दुसऱ्या कुणाला खाऊ देईना एवढंच.

मी पोचलो तेव्हा चारही तलंगा पपईच्या बुंध्याशी दाटीवाटीनं उभ्या होत्या. मेजर दाण्याच्या भांड्यात एक पाय टाकून उभी होती. तांबड्या तलंगेच्या मानेवरची पिसं गेली होती, खालचं कातडं उघडं पडलं होतं. कोंबड्यांना रक्त दिसलं की सगळ्या तिथंच चोच मारतात, जखमी कोंबडीच्या स्वतःच्या सोबतिणीसुद्धा. मी जखम धुतली आणि वर जांभळं औषध फासलं. त्यानं जखम सुकते आणि लाल रंग झाकतो.

“आता काय?” वहिनींनी विचारलं.

मी फौजी उत्तर दिलं. नवा जवान कंपनीत एकटाच येतो. खांद्यावर किटबॅग, हातात मूव्हमेंट ऑर्डर. थोडे दिवस रगडा खातो, म्हणजे जुन्यांचा जाच सोसतो, आणि जागेवर बसतो. जखम सुकली की एकेकीला सोडू, म्हणजे मेजरला एका वेळी एकच तोंड ओळखावं लागेल. प्लॅन मला उत्तम वाटला. माझे बरेच प्लॅन मला उत्तम वाटतात.

पुढच्या रविवारी तिघींना मोठ्या डालग्याखाली झाकलं आणि तांबडीला अंगणात सोडलं. अंगानं तीच सगळ्यांत भरलेली होती. मेजर धावत आली नाही. मान ताठ करून पाऊल टाकत आली. तांबडी पाण्याच्या ड्रमामागे शिरली. तिथून पुढे भिंत होती, बाहेर पडायला वाट नव्हती. ती जागा मी हेरलीच नव्हती. पोस्टवर अशी आंधळी जागा मी ठेवली असती तर कंपनी कमांडरनं मला उभा सोलला असता.

ड्रम पाण्यानं भरलेला होता, हलेना. मागून फक्त चोचीचा आवाज येत होता. तांबडीचा आवाज आधी आला, मग बंद झाला. वहिनींनी ड्रम आडवा केला, पाणी अंगणभर झालं, आणि मी हात घालून मेजरला उचललं. तिनं माझं मनगट फोडलं. तांबडी भिंतीला डोकं लावून पडली होती. डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता.

वहिनींनी तिला पदरात घेतलं. तिच्या मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “एकटीला का सोडलासा?”

“आम्ही एकटेच जायचो, वहिनी.”

“तुमी कुठं एकटे होतासा? हे होते की. पहिल्याच दिवशी तुमाला आपल्या ताटात घेऊन बसलते म्हणून सांगायचे.”

खरं होतं. मी कंपनीत आलो तेव्हा मला कुणी बसायला जागा दिली नव्हती. परशुराम सरकला होता. त्याच्या ताटात दोन चपात्या होत्या, एक त्यानं माझ्या हातावर ठेवली आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत राहिला. त्या दिवसापासून मला कुणी हात लावला नाही. इतकी वर्षं मी हे स्वतःच्या हिमतीच्या खात्यात धरत आलो होतो.

मी वहिनींना स्पष्ट सांगितलं, की या अंगणात एकतर मेजर राहील, नाहीतर तलंगा. मेजरला कुणाला तरी देऊन टाकू.

“देऊन टाकू म्हणजे?”

म्हाताऱ्या कोंबडीला लोक कशासाठी नेतात ते दोघांनाही माहीत होतं.

“ह्यांच्या हातची एवढी एकच राहिलीय, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. पदरातल्या तांबडीकडे बघून पुढे म्हणाल्या, “आणि हिचंबी काय चुकलंय? मला दोन्ही पाहिजेत.”

“सरी,” मी कानडीत ‘ठीक आहे’ म्हटलं. ऑर्डर मिळाली होती.

दुसऱ्या वेळी मेजरलाच कोठडीत टाकलं. अंगणाच्या मधोमध जाळीचा पिंजरा मांडला, दाणापाणी आत दिलं. तिनं सगळ्यांना बघावं, सगळ्यांनी तिला बघावं, पण चोच पोचू नये. तलंगा अंगणभर मोकळ्या. ड्रम भिंतीपासून लांब ओढला. फळ्या तिरक्या लावून आडोसे केले, प्रत्येकाला दोन तोंडं ठेवली. दाण्याची भांडी दोन केली आणि एकमेकांपासून दूर ठेवली. तांबडी सावरली. पण मेजर दाण्याला शिवेना. जाळीशी बसून ती पंख ढिले सोडायची. वहिनी हातावर कणी घेऊन पिंजऱ्यापाशी बसायच्या आणि कणी तशीच राहायची. तलंगांना वाचवताना मेजरच जाते की काय, ही भीती मला वाटत होती. वहिनींना ती माझ्याआधी वाटली असणार, पण त्यांनी बोलून दाखवली नाही.

संध्याकाळ झाली की वहिनी म्हणायच्या, “चला, कोंबड्या डालते.” कोंबड्या डालणं म्हणजे दिवस मावळताना त्यांना मोजून आत कोंडणं. हे शब्द कानावर आले की मी कामाचं निमित्त काढून बाहेर पडायचो.

कारण वर पोस्टवर तो आमचा निरोप होता. मी वायरलेस सेटवर बसायचो, परशुराम पेट्रोल म्हणजे गस्तीची तुकडी घेऊन जायचा. सगळी माणसं बंकरमध्ये परत आली की तो खालच्या बंकरमधून बोलायचा, “कोंबड्या डालल्या. ओव्हर.” मी म्हणायचो, “रॉजर. आउट.” मग कंपनीला रीतसर ऑल ओके जायचा. ऑल ओके सगळेच देतात. माझा चहा मात्र परशुरामच्या त्या निरोपानंतरच गोड लागायचा.

मेजरला सोडायचा दिवस आला. सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं. वहिनी अंगणाच्या जाळीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, मी पिंजऱ्याशी.

“रक्त निघेपर्यंत मध्ये पडायचं नाही,” मी बजावलं. “निघालं की लगेच पडायचं.”

पिंजरा उघडला. मेजर बाहेर आली आणि सवयीनं थेट भांड्याकडे गेली. तांबडी तिथं होती. ती हलली नाही. मेजरनं मान ताठ केली. तांबडीनंही केली. मग तांबडीनं उडी घेतली, आणि तिच्या मागून तिघीही तुटून पडल्या.

माझं सगळं लक्ष मेजर काय करील याकडे होतं. तिला काय होईल याचा विचारच मी केला नव्हता. उपाशी, म्हातारी मेजर पहिल्याच धक्क्याला आडवी झाली. फळीच्या आडोशाला गेली, दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली, तिथंही एक उभी होती. तिचा तुरा फाटला. तुऱ्यावर लाल ओघळ आला आणि मग चौघींच्या चोची एकाच जागी पडू लागल्या.

मी हलायच्या आत वहिनी आत शिरल्या होत्या. त्यांनी हाकललं नाही, ओरडल्या नाहीत. मधोमध मातीत बसल्या, मेजरला ओढून मांडीशी घेतलं आणि तिच्या डोक्यावर पदर टाकला. दुसऱ्या हातानं कणीची मूठ उघडून चौफेर टाकली. तांबडी एकदा त्यांच्या हाताला चोच मारून गेली. वहिनींनी हात काढला नाही.

“औषध द्या,” त्या म्हणाल्या. मी दिलं. तुरा जांभळा झाला.

चौघी कणी वेचत राहिल्या. पदराखालून मेजरचं डोकं बाहेर आलं. वहिनींनी थोडी कणी मांडीवर ठेवली. मेजरनं एक दाणा उचलला. मग दुसरा. इतक्या दिवसांनी ती खात होती आणि चार हात अंतरावर तिच्या वैरिणी खात होत्या. मी पिंजऱ्याशी उभा राहून रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

“तुमी जावा ड्युटीला,” वहिनी म्हणाल्या. “मी बसते हितंच.”

त्या दिवसभर बसल्या. जेवणही तिथंच घेतलं म्हणे.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर ऑफिसच्या कॅबची रांग लागली होती. हॉर्न वाजत होते. फोन आला तेव्हा मी एका कानावर हात ठेवला.

“भाऊजी, कोंबड्या डालल्या.”

तो निरोप आमचा होता, हे वहिनींना ठाऊक नव्हतं. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. परशुरामनं ते शब्द घरून नेले होते आणि वहिनींच्या तोंडी ते घरचेच होते.

“पाची आत हाईत. मेजर खालच्या दांडीवर बसलीय. तांबडी वरनं एकदा बघितली, गप बसली. ऐकू येतंय न्हवं?”

शेवटच्या संध्याकाळी परशुरामबरोबर चार जवान होते. वारा वाढला होता. सेटवर तो म्हणाला, “चौघं पुढं येतायत, मोजून घे. मी दोर आवरून येतो. ओव्हर.” चौघं आले. मी मोजून घेतले. मग वरून बर्फाचा कडा सुटला. मी उजाडेपर्यंत सेट कानाला लावून बसलो. निरोप आला नाही. ते चौघंही आज आपापल्या घरी आहेत, बायकापोरांत आहेत. हवालदार परशुराम त्यांना आत धाडून मागे राहिला.

“भाऊजी?”

“रॉजर, वहिनी,” मी म्हटलं.

फौजेत पुढे आउट म्हणायचं असतं, म्हणजे बोलणं संपतं. ते मी म्हटलं नाही.